सर्व्हिसिंगला गेलेली गाडी

मी आयुष्यभर हौशी नाटकांत कामं केली आहेत, त्यामुळे समोरचा खरंच आजारी आहे की आजारपणाची भूमिका करतोय हे मला लांबून कळतं. आमची गाडी अट्टल नटी होती. भाईंदरच्या रस्त्यावर ती मरायची. साधंसुधं नाही, चांगली घरघर लावून, एक आचका देऊन, बघ्यांची गर्दी जमवून मरायची. आणि तीच गाडी हायवेवरच्या सर्व्हिस सेंटरच्या गेटातून आत शिरली की अशी गुणगुणत उभी राहायची, की बघणाऱ्याला वाटावं, बिघाड मालकातच आहे.

दुखणं एवढंच. चावी फिरवली की इंजिन चालू व्हायचं. हुश्श म्हणून मी गिअर टाकायला हात खाली नेतोय, तोवर बंद. परत चावी, परत चालू, परत बंद. असं ती मनाला येईल तितका वेळ करायची, आणि मग काही झालंच नाही अशा थाटात सुरू व्हायची. पुढे कित्येक दिवस कुरकुर नाही. मग पुन्हा एखाद्या रविवारी, पुलाच्या तोंडाशी, मागे रिक्षांची रांग लागलेली असताना, बाईसाहेबांचा प्राण जायचा.

सर्व्हिस सेंटर म्हणजे थंडगार हॉल, मऊ सोफे, कॉफीचं मशीन, आणि पलीकडे वर्कशॉप दिसावं म्हणून एक मोठी काच. टाय लावलेली मुलं. सगळी गोड बोलणारी. एकाने बॅटरी बदलली. दुसऱ्याने पेट्रोलचा पंप बदलला. तिसऱ्याने मला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं, "सर, पेट्रोल कुठे भरता?" जणू मी गाडीला कुठेतरी चोरून काहीतरी पाजतोय. चौथ्याने कॉम्प्युटर जोडला, बराच वेळ पडद्याकडे बघितलं आणि म्हणाला, "सर, सिस्टिम एकदम ओके है."

"ओके कशी? रविवारी भर रस्त्यात गेली!"

"गेली म्हणजे काय झालं एक्झॅक्ट?"

आता असा प्रश्न तुम्ही मला विचारायचा नसतो. मी हॉलच्या मधोमध उभा राहिलो आणि करून दाखवलं. आधी चावी फिरवण्याचा आवाज, मग इंजिनाचा आनंद, मग ती उचकी, मग शेवटचा सुस्कारा. मान टाकून दाखवली. सोफ्यावरच्या एक गुजराती काकी टाळ्या वाजवत म्हणाल्या, "भाईसाब, एक बार फिर से करो ने, मेरे हसबंड ने नहीं देखा." मी फिर से केलं. त्या पोराने सगळं शांतपणे पाहिलं आणि म्हणाला, "सर, आवाज समझ में आया. लेकिन गाड़ी तो नहीं कर रही है ना."

तेही खरंच होतं. तिथे ती कधीच करायची नाही. एकदा त्यांनी ती आठवडाभर ठेवून घेतली. रोज सकाळ-संध्याकाळ चालू करून बघितली. एकदाही मेली नाही. परत आणली आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या सोसायटीच्या गेटातून निघताना, वॉचमनचा सलाम पुरा व्हायच्या आत मेली.

गाडी सर्व्हिसिंगला न्यायची म्हणजे आमच्या घरी एक विधी असतो. तुमच्याही घरी असणार. आदल्या संध्याकाळी बायको मला जेवणाच्या टेबलाशी बसवते आणि समोर किल्ल्यांचं जुडगं टाकते. "अहो, काढा." मग नखं तुटेस्तोवर मी त्या कड्यातून एकेक चावी सोडवतो. घराच्या लॅचची, कपाटाची, ऑफिसच्या ड्रॉवरची, सगळ्या. राहते फक्त गाडीची. बायकोचा नियम पक्का आहे. लोकांच्या हातात गाडी द्यायची, घर नाही. डॅशबोर्डवरचा गणपतीही ती उचलते, कारण त्याला तिथे अनोळखी माणसांत एकटं ठेवायचं नाही. असं सगळं काढून, धुऊनपुसून, गाडी आम्ही त्यांच्या स्वाधीन करायचो, आणि ती तिथे गुणी बाळासारखी वागायची.

हा सगळा किस्सा मी वर्षभर सांगत फिरलो. लग्नात सांगितला, बारशात सांगितला, एकदा एका तेराव्याला जेवणाच्या पंगतीत सांगितला आणि बायकोने टेबलाखालून पाय दाबला. लोक पोट धरून हसायचे. पुढचं मात्र मी कुणाला सांगत नसे. ते असं, की त्या गाडीत माझ्या शेजारी बाबा बसलेले असायचे.

बाबा ड्रायव्हर होते. फोर्टातल्या एका कंपनीत साहेब लोकांच्या गाड्या चालवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. पांढरा पोशाख, टोपी, खिशात पिवळं फडकं. लांबलचक, चकचकीत गाड्या त्यांच्या हाताखालून गेल्या, आणि संध्याकाळी ते बसच्या दांड्याला लटकून घरी यायचे. रिटायर झाल्यावर त्यांनी स्वतःची गाडी घेतली. लहानशी, बिस्किटाच्या रंगाची. तेव्हा आम्ही गोडदेवला राहत होतो. गाडी दारात आली त्या दिवशी बाबांनी चावी माझ्या हातात दिली आणि स्वतः मागच्या सीटवर, डाव्या बाजूला, साहेब बसतात तिथे जाऊन बसले. "चल, फिरव जरा," म्हणाले. मी गोडदेवच्या गल्ल्यांतून, भाजीच्या गाड्या चुकवत, त्यांना एक चक्कर मारून आणलं. उतरले आणि म्हणाले, "मागून काही रस्ता दिसत नाही बुवा. साहेब लोक कसे बसायचे कोण जाणे." त्यानंतर ती गाडी त्यांनी दुसऱ्या कुणाला चालवू दिली नाही.

मग ते विसरायला लागले. आधी चष्मा, मग नावं, मग रस्ते. एकदा दुपारी गाडी घेऊन गेले ते अंधार पडायच्या बेताला सापडले. काशिमीऱ्याजवळच्या एका हॉटेलच्या बाहेर, सावली बघून नीट लावलेली गाडी, आणि बाबा बाहेर ताठ उभे. मला म्हणाले, "साहेबांची मीटिंग लांबलीय."

गाडी विकावी लागली. बायको त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली आणि तेवढ्यात पालघरकडचा एक माणूस येऊन ती घेऊन गेला. त्याला एक चावी दिली, दुसरी तेव्हा सापडलीच नाही. नंतर सापडली, बाबांच्या दाढीच्या डब्यात.

गाडी गेली त्या संध्याकाळी चहा घेताना बाबांनी विचारलं, "गाडी दिसत नाही खाली?"

आणि मी, इतकी वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेली वाक्यं म्हणणारा माणूस, आयुष्यातलं सगळ्यात चांगलं वाक्य स्वतः बोललो. म्हटलं, "सर्व्हिसिंगला दिलीय, बाबा."

त्यांचा चेहरा असा खुलला! सर्व्हिसिंगला दिलेली गाडी म्हणजे काळजी घेतली जाणारी गाडी. "बरं केलंस," म्हणाले, "ऑइल बदलायला सांगितलंस ना?"

त्यांच्या विसरण्यावर औषध देणाऱ्या डॉक्टरांनीही सांगितलं होतं, वाद घालू नका, त्यांच्या कलाने घ्या. मग रोज चहाच्या वेळी तोच प्रवेश. "गाडी आली का?" "उद्या येईल बाबा, एक पार्ट यायचाय." "कुठला पार्ट?" या प्रश्नावर मी रोज नवा पार्ट मागवायचो. ब्रेकचा, क्लचचा, आरशाचा. कधी संप असायचा, कधी पार्ट चुकीचा यायचा. बायको आतून हळूच म्हणायची, "आज तरी जरा साधं ठेवा." वॉचमनलाही शिकवून ठेवलं होतं. तो बिचारा सलाम करून म्हणायचा, "बाबूजी, आप की गाड़ी गैरेज में है, एकदम फस्ट किलास बन के आएगी."

पुरावा म्हणून ती दुसरी चावी मी माझ्या जुडग्यात अडकवली होती. बाबांना शंका आली की ते हात पुढे करायचे. मी जुडगं द्यायचो. ते त्यातली आपली चावी बरोबर ओळखायचे, अंगठ्याने पुसायचे आणि परत द्यायचे. "सांभाळ. हरवू नकोस."

माझी नवी गाडी त्याच कंपनीची. बाबांचा त्या कंपनीवर विश्वास होता म्हणून तीच घेतली. दर रविवारी आम्ही तिघं निघायचो. मुर्ध्याच्या खाडीकडेने, राईवरून, मोर्व्यावरून उत्तनपर्यंत. मी चालवणार, शेजारी बाबा, मागे बायको. वाऱ्याने बाबांना बरं वाटायचं. वळण आलं की त्यांचा उजवा पाय जागच्या जागी ब्रेक दाबायचा.

एका रविवारी मुर्ध्याला मासे घ्यायला थांबलो. बायको पिशवी घेऊन परत मागच्या सीटवर बसली, मी चावी फिरवली, आणि झालं. चालू, बंद. चालू, बंद. रस्त्याकडेला बसलेल्या कोळीणबाईने पाटीवरनं मान वर केली. "गाडी बंद परली काय? यवरी नवी हाय ना?"

"नवी आहे मावशी, पण हट्टी आहे," मी म्हटलं. "तुमच्याकडे हिच्यावर औषध आहे का?"

"न्हाय बाबा. बोंबील हाय, देऊ?"

मी हसत होतो. आणि शेजारचं दार उघडल्याचा आवाज आला.

बाबा उतरले होते. सदरा खाली ओढून नीट केला. गाडीला वळसा घालून मागच्या दाराशी गेले, दार उघडलं, आणि कमरेत थोडे वाकून, माझ्या बायकोला म्हणाले, "माफ करा मॅडम. गाडीत जरा बिघाड आहे. मी टॅक्सी बघतो."

जिला ते 'सूनबाई, चहा टाक' म्हणून रोज हाक मारायचे, तिला.

ती म्हणाली, "अहो बाबा, मी आहे. मी."

त्यांनी मान वर केली नाही. मॅडमच्या तोंडाकडे बघायचं नसतं. हळू आवाजात म्हणाले, "साहेबांना सांगू नका हां. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नाही."

मी उतरून त्यांच्यापाशी गेलो. जुडग्यातून त्यांची चावी सोडवून त्यांच्या तळहातावर ठेवली. "बाबा, ही कुणाची?"

बराच वेळ ते चावीकडे बघत राहिले. मग अंगठा फिरला तिच्यावरून. "माझी."

"गाडी कुणाची?"

"माझी. माझ्या नावावर आहे." मग माझ्याकडे बघून, ओळखीचं, "सर्व्हिसिंगहून आली का?"

"उद्या, बाबा."

ते पुढे येऊन बसले, चावी मुठीत. मी परत स्टार्टर मारला आणि गाडी निमूट चालू झाली. हे असं दर वेळी व्हायचं. बाबा शांत झाले की गाडीही शांत व्हायची. बायको म्हणायची, हिला त्यांचं कळतं. तिने बॉनेटला हळदकुंकू लावलं. घरी आल्यावर बाबा चावी परत करायचे आणि मी ती पुन्हा जुडग्यात अडकवायचो.

पण दर खेपेला बाबांना त्या मागच्या दाराशी जाऊन यायला जास्त वेळ लागायला लागला. एकदा तर चावी हातात देऊनही ते घरी पोचेपर्यंत मला "साहेब" म्हणत होते. गाडीतला बिघाड आता मला किस्सा वाटत नव्हता. ती गाडी अशीच बंद पडत राहिली तर एक दिवस बाबा तिकडेच राहतील, वाकलेले, दार धरून, आणि मला ते परत मिळणार नाहीत. म्हणून मी त्या सर्व्हिस सेंटरला चकरा मारत होतो. हॉलमध्ये नाटक करून दाखवत होतो ते त्यासाठी. त्या पोरांना वाटायचं, काका गमत्या आहेत.

मग तो दिवस. बाबांना तपासायला नेऊन आम्ही दोघंच परत येत होतो, हायवेवर एका मेडिकलपाशी थांबलो, आणि गाडी पुन्हा अडली. बाबांचा हात दाराच्या कडीकडे गेला. मी तो धरून ठेवला. दुसऱ्या हाताने चावी फिरवत राहिलो, फिरवत राहिलो, शेवटी एकदा इंजिन टिकलं, आणि मी घरी जायचं सोडून थेट सर्व्हिस सेंटरमध्ये घुसलो. गाडी धुतलेली नाही, गणपती जागेवर, आणि त्या घाईत मी समोर आलेल्या मुलीच्या हातात सगळं जुडगं तसंच कोंबलं. घर, कपाट, ऑफिस, सगळं.

नवी सुपरवायझर होती. मी बाबांना सोफ्यावर बसवून येतोय तेवढ्यात ती गाडीत बसली आणि तिने चावी फिरवली.

चालू. बंद.

परत. चालू. बंद.

माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही. "मेली!" मी ओरडलो. "मेली! बघा, सगळे या, मेली!" टायवाली सगळी मुलं धावत आली. बॅटरीवाला, पंपवाला, पेट्रोलवाला. मी एकेकाचा हात धरून त्यांना गाडीपाशी आणत होतो. काचेपलीकडून लोक बघत होते की याचं नक्की कोण मेलं, आणि हा नाचतोय का.

ती मुलगी मात्र मीटरकडे बघत होती. "काका, हा दिवा लुकलुकतोय ना, चावीचं चित्र असलेला, हा नेहमी लागतो?"

"तो होय? तो मला सीटबेल्टचा वाटला."

तिने जुडगं हातात धरून त्यातली एक चावी वेगळी केली. "आणि ही कुठल्या गाडीची?"

"ती... आमच्या जुन्या गाडीची."

"सेम कंपनी?"

"सेम."

तिने कड्यातून ती चावी काढली आणि गाडी चालू केली. चालली. चावी परत कड्यात घातली. बंद. काढली, चालली. घातली, बंद. मग मला समजावून सांगितलं. चावीच्या आत एक छोटी चिप असते. चावी फिरवली की गाडी तिला विचारते, तू माझीच का? तिने हो म्हटलं तरच इंजिन चालू राहतं. "तुमच्या जुडग्यात दोघी आहेत, काका. दोघी एकदम बोलल्या की हिला काही कळत नाही, चोर समजून ती बंद पडते. कधी जुडगं असं लटकतं की दुसरी चावी लांब राहते, तेव्हा गाडी चालते. पण आधीच्या वेळी इथे कशी नाही बंद पडली?"

आधीच्या वेळी इथे फक्त एकच चावी आली होती. वर्षभर दर खेपेला दुखणं मी स्वतःच्या नखांनी सोडवून घरी टेबलावर ठेवून येत होतो.

मी खूप हसलो. पेट्रोलवाला पण हसला. घरी येऊन बायकोला सगळं अभिनयासकट सांगितलं, ती पदर तोंडाला लावून हसत होती, आणि हसता हसता म्हणाली, "म्हणजे बाबांना ज्या चावीने शांत करत होतो..." आणि तिचं हसणं थांबलं. मग माझंही.

चावी जुडग्यात ठेवायची नाही, हे ठरलं. कुठे ठेवायची? संध्याकाळी बाबा हात पुढे करणार. बायको म्हणाली, "अहो, त्यांची आहे. त्यांच्याकडेच राहू दे." किती सोपं होतं! तिने एका जाड लाल दोऱ्यात ती ओवली आणि बाबांच्या गळ्यात घातली.

पुढचे दिवस फार सुंदर गेले. गाडी एकदाही अडली नाही. बाबा गच्चीत, लिफ्टमध्ये, भेटेल त्याला सदऱ्यातून चावी काढून दाखवायचे. शेजारच्या काकींना सांगायचे, "मेरी गाड़ी का है. सर्व्हिसिंग में है." रविवारी उत्तनच्या रस्त्याला त्यांनी इंजिनाचा आवाज कान देऊन ऐकला आणि विचारलं, "छान ठेवलंय. कुणाची गाडी?"

"माझी, बाबा."

"मालकाने स्वतः चालवावी," ते म्हणाले. "तब्येत राहते गाडीची."

मला वाटलं, जमलं आपलं. नाटक रंगलंय, पडदा पाडायची काही गरज नाही.

एका दुपारी वॉचमनचा फोन आला. माझं ऑफिस जवळच, मीरा रोडला आहे, मी रिक्षानेच जातो. "साहब, जल्दी आइए. बाबूजी पार्किंग में हैं. सब का गाड़ी में चाबी लगा रहे हैं. वो डॉक्टर साहब का गाड़ी चिल्ला रहा है."

बायको आंघोळीला गेली होती, तेवढ्यात ते लॅच उघडून खाली उतरले होते. मी पोचलो तेव्हा अलार्म थांबला होता. वरच्या गॅलऱ्यांतून माणसं वाकून बघत होती. ज्यांची गाडी ओरडली ते डॉक्टर स्वतः खाली येऊन बाजूला उभे होते. बायको ओल्या केसांनी खांबाशी उभी होती आणि तिने मला खुणेने सांगितलं, तुम्ही जा.

बाबा माझ्या गाडीला टेकून, पार्किंगच्या कट्ट्यावर बसले होते. लाल दोरा गळ्यातून काढून हाताला गुंडाळला होता.

"सगळ्या बघितल्या," ते म्हणाले. "हिच्यात आत जाते. पण फिरत नाही."

"बाबा, तुमची सर्व्हिसिंगला..."

"सर्व्हिसिंगला गाडी देताना चावी द्यावी लागते रे." आवाज अगदी साधा होता, मला गाडी शिकवताना असायचा तसा. "चावी तर माझ्याकडे आहे."

उत्तर तयार होतं. दुसरी चावी दिलीय, बाबा. चार शब्द. ओठांवर आले होते. इतकी वर्षं रंगमंचावर उभा राहिलोय, शब्द विसरलो तरी वेळ मारून नेणारा माणूस आहे मी. पण ते माझ्याकडे बघत होते. साहेबाकडे बघावं तसं जमिनीवर नजर ठेवून नाही, सरळ माझ्या डोळ्यांत. किती तरी महिन्यांनी मला माझे बाबा दिसत होते, आणि ते मला विचारत होते.

"विकलीस का?"

"हो, बाबा."

त्यांनी मान हलवली. वरच्या गॅलरीत कुणीतरी कुणाला तरी आत चल म्हणालं.

"घेणारा कसा होता?"

"बरा होता. पालघरकडचा."

"क्लचवर पाय ठेवून चालवणारा नव्हता ना?"

"नाही, बाबा. मी बघितलं ना."

"मग ठीक." दोऱ्याची गाठ सोडायला त्यांना वेळ लागला. मी हात पुढे केला तर त्यांनी तो बाजूला सारला, स्वतःच सोडवली. चावी माझ्या हातात ठेवली. "ही त्याला पोचती कर. गाडी विकली की दोन्ही चाव्या द्यायच्या असतात. एक ठेवून घेणं बरं दिसत नाही."

मी त्या माणसाला फोन केला. त्याने ती गाडी कधीच पुढे कुणाला तरी देऊन टाकली होती, कुणाला ते त्यालाही नीट सांगता येईना.

त्या संध्याकाळी मी चहाला बसलो तो पूर्ण तयारीनिशी. ते विसरले असणार, जेवलेले विसरतात, आताच भेटून गेलेला माणूस विसरतात. गाडी आली का, असं विचारतील, आणि या खेपेला पार्ट आलाय असं सांगायचंही मी ठरवलं होतं. त्यांनी बिस्कीट बुडवून खाल्लं, कप खाली ठेवला, आणि टीव्ही लावायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशीही नाही. त्यानंतरही नाही. बाकी सगळं जातंय. सूनबाई मधूनच मॅडम होते, आणि आता ती 'मी आहे, मी' म्हणत नाही, मॅडम होऊन घेते. माझं नाव ते माझ्या काकाच्या नावात मिसळतात. गोडदेवचं घर त्यांना आठवत नाही. पण गाडी विकली, एवढं त्यांच्या डोक्यात राहून गेलंय. सगळ्यातलं नेमकं तेवढंच.

परवा मलाच राहवलं नाही. चहा ओतून झाला होता, वेळ तीच होती. मी म्हटलं, "बाबा, तुमची गाडी..."

पुढे काय बोलणार होतो, मला खरंच माहीत नाही. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि दोनदा थोपटलं, लहान मुलाला थोपटतात तसं.

"अरे, विकली ना आपण ती," ते म्हणाले. "जाऊ दे. जुनी झाली होती. तू चहा घे, निवतोय."